पंचाहत्तरीच्या मंडळाचा इतिहास लिहायचा, पण सुरुवात कुठून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावी, पूर्वीच्या संस्थानी मुलखात एक इतिहास मंडळ आहे. पुढच्या वर्षी त्याचा अमृतमहोत्सव. कार्यकारिणीने "तुम्ही शाळेत मराठी शिकवलंय, तुम्हीच लिहा" म्हणत शंभर पानांचा इतिहास तुमच्या गळ्यात घातलाय. तुमच्याकडे रौप्यमहोत्सवाची स्मरणिका आहे, काही प्रोसिडिंग बुकं, म्हणजे सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या आहेत आणि मधल्या बारा वर्षांची बुकं गायब आहेत. स्थापनेची वर्षं तीन निघतात. सत्तरच्या दशकात मंडळ फुटलं होतं, त्याबद्दल "ते नको बुवा लिहायला" अशी तोंडी सूचना आहे. आणि तुम्ही विचारताय, की बारा वर्षांची इतिवृत्तं नसताना इतिहास लिहिता येईल का, की सरळ नाही म्हणून टाकावं?

नाही म्हणू नका. लिहिता येईल.

मी लहान संस्थांची जुनी दप्तरं लावून देण्याचं काम करते. वाचनालयं, शिक्षण संस्था, काही इतिहास मंडळं. त्या अनुभवावरून सांगते, की गायब बुकांपेक्षा मोठा घोटाळा वेगळाच असतो. संस्थेचा इतिहास म्हणजे तिची इतिवृत्तं, असं आपण धरून चालतो. इतिवृत्तात काय असतं? "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले", "अमुक यांच्या निधनाबद्दल दुखवट्याचा ठराव", "खर्चास मंजुरी". त्यावरून लिहिलेला इतिहास म्हणजे अध्यक्षांची यादी, मध्येमध्ये व्याख्यानं आणि शेवटी आभार. असे शतकमहोत्सवी ग्रंथ मी बरेच पाहिलेत. घरोघरी असतात, वाचलेले कोणी नसतात.

इतिहास मंडळ मुळात काय करतं? जुने कागद गोळा करतं, वाचतं, जमलं तर छापतं. मग त्याचा इतिहासही तिथूनच काढायला हवा. कागद कुठून आले, का आले, कोणी वाचले, पैसा कोणाचा होता. या चार प्रश्नांची उत्तरं इतिवृत्तात क्वचितच सापडतात. ती दाखल नोंदवहीत, म्हणजे संग्रहात काय आलं त्याच्या वहीत, आणि किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत असतात.

अर्थात काही गोष्टी तुमच्या मंडळावर अवलंबून आहेत. मंडळाकडे स्वतःचा संग्रह असेल, निदान दोन कपाटं भरून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुने कागद असतील, तर खाली लिहिलेलं बहुतेक लागू पडेल. मंडळ फक्त व्याख्यानमाला आणि गडसहली करणारं असेल, तर दाखल नोंदवहीच नसेल. मग जमाखर्च आणि स्थानिक साप्ताहिकं यांच्यावर भिस्त ठेवावी लागेल. मंडळ मराठवाड्यात असतं तर मी निजामी राजवटीपासून सुरुवात करायला सांगितलं असतं. तुम्ही संस्थानी मुलूख म्हणालात, म्हणून माझं बोट तिथे ठेवते.

आधी दाखल नोंदवही काढा. जाड पुठ्ठ्याची, बहुधा लाल कापडी पाठीची वही असेल. रकाने साधारण असे: अनुक्रम, तारीख, देणाऱ्याचं नाव, गाव, वस्तूचं वर्णन, नग, शेरा. ती कादंबरीसारखी सलग वाचू नका. दर वर्षी किती दाखले, म्हणजे नव्या कागदांच्या नोंदी झाल्या आणि कोणत्या गावांतून, एवढंच एका कोऱ्या कागदावर मांडा. काही वर्षं अगदी कोरडी दिसतील आणि मधूनच एखाद्या वर्षी ढिगाने कागद आलेले दिसतील. त्या ढिगांची कारणं शोधणं हा तुमच्या पुस्तकाचा गाभा.

पश्चिम महाराष्ट्रात ही कारणं बऱ्यापैकी ठरलेली आहेत. एक म्हणजे १९४८चा फेब्रुवारी. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत अनेक गावांतले वाडे जळाले, त्यात घराण्यांची दप्तरं गेली. आणि जी वाचली ती पुढे "इथे ठेवण्यात अर्थ नाही" म्हणून बाहेर पडली. दुसरं, कूळकायदा आणि वतनांची समाप्ती. परगणा व कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने रद्द झाली, पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली. याचा कागदांशी संबंध कसा, ते नीट बघा. वतन म्हणजे वंशपरंपरेचा हक्क. तो चालू होता तोवर सनद, महजर (गोतसभेचा निवाडा), वाटणीपत्र हा हक्काचा पुरावा होता. तो पुरावा कोणी कोणाला दाखवतही नसे. इनामांचे पुरावे तपासणाऱ्या १८५२च्या इनाम कमिशनची धास्ती लोकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या टिकली होती. कागद मागायला आलेला माणूस सरकारचाच असणार, असा वहीम असे. वतन गेलं आणि त्याच कागदाचा कायदेशीर जीव गेला. माळ्यावरचं ओझं झालं. मग काही ओझी रद्दीत गेली, काही बंबात, आणि काही मंडळात. तुमच्या नोंदवहीत पन्नासच्या आणि साठच्या दशकांत देशपांडे, कुलकर्णी, पाटील घराण्यांचे दाखले एकदम वाढलेले दिसले, तर कारण हे असण्याची शक्यता मोठी आहे. शक्यता म्हणते, कारण दर घराण्याची तारीख ताडून बघावी लागेल.

तिसरं कारण धरणं. कोयनेखाली गेलेली गावं, पुढे उजनीखाली गेलेली गावं. गाव उठलं की भांडीकुंडी गाडीत चढतात, दप्तर चढतंच असं नाही. तुमच्या तालुक्यात एखादं गाव असं उठलं असेल तर ते वर्ष नोंदवहीत बघा. चौथं, साधं कारण: मुलं पुण्यामुंबईला नोकरीला लागली, वाडा विकला.

आता संस्थानाबद्दल. दक्षिणेतली बहुतेक संस्थानं, म्हणजे सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर वगैरे, ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ला. तुमच्या मंडळाची जी तीन वर्षं सांगितली जातात ती सगळी त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली आहेत. हा योगायोग असेल, नसेलही. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या कार्यकारिणीतली नावं घेऊन एकच गोष्ट तपासली असती: विलीनीकरणाच्या आदल्या दिवशी यातलं कोण काय करत होतं? संस्थानचे निवृत्त कारभारी, दफ्तरदार, संस्थानी हायस्कूलचे हेडमास्तर, खासगीकडचा एखादा कारकून अशी मंडळी निघाली, तर तुमच्या मंडळाचा जन्म कशातून झाला ते उघड होईल. संस्थान गेलं. संस्थानचं ग्रंथालय, शस्त्रागार, जुनं दप्तर अचानक पोरकं झालं. दप्तराचा एक भाग सरकारी पुराभिलेखागारात गेला असेल, एक भाग राजवाड्यातच राहिला असेल, आणि एक भाग "सांभाळायला" म्हणून ज्यांच्या घरी गेला त्यांनीच पुढे मंडळ काढलं असेल. हे सिद्ध झालं तर ते तुमचं पहिलं प्रकरण. नाही झालं तरी नावांपुढे व्यवसाय लिहिण्यात गेलेला वेळ वाया जाणार नाही.

एक सावधगिरी. इतिहास मंडळाचा इतिहास लिहायला बसलेला प्रत्येक जण इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांपासून सुरुवात करतो आणि वीस पानांनंतर स्वतःच्या गावात पोचतो. तुम्ही दोन पानं द्या, जास्त नको. त्या दोन पानांत एवढं पुरे: १८७८ला पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' मासिक निघालं आणि जुनी कागदपत्रं छापण्याची प्रथा पडली. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांचं दप्तर हाती घेऊन १८९७पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला, राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा, साताऱ्यात पारसनिसांनी संग्रह उभारला. ७ जुलै १९१०ला राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. हे सगळं खासगी कागदांवर का चाललं होतं, हेही एका वाक्यात सांगा: पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या कुलपात होतं आणि त्यातली निवड गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली ४५ भागांत बाहेर यायला १९३०चं दशक उजाडलं. सरकारी दार बंद, म्हणून घरांची दारं ठोठावली. गावोगावच्या मंडळांची सवय तिथून आली.

स्थापना वर्षाचा घोळ सोडवणं त्या मानाने सोपं आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक जुन्या संस्थेत असतो. तीन वर्षं निघतात याचा अर्थ कोणीतरी खोटं बोललं असा होत नाही. तिन्ही वर्षं वेगवेगळ्या घटनांची असतात. पहिलं असतं लोक कोणाच्या तरी ओसरीवर जमून "मंडळ काढू या" म्हणाले ते. दुसरं, पहिली सर्वसाधारण सभा झाली आणि वर्गणीची पहिली पावती फाटली ते. तिसरं नोंदणीचं. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा १९५०चा. तो लागू झाल्यावर आधीपासून चालू असलेल्या संस्थांनाही धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागली. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या संस्थांच्या दाखल्यावर १९५२-५३ची तारीख दिसते आणि पुढच्या पिढ्या तीच जन्मतारीख समजतात. सोसायटी नोंदणीचा १८६०चा कायदा आहे, त्याखालचा दाखला वेगळा असू शकतो, तोही बघा.

शिवाय शकाची भानगड. जुनी मंडळं वर्ष पाडव्यापासून मोजत. शके १८३२ म्हणजे १९१०चा पाडवा ते १९११चा पाडवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. माघ-फाल्गुनात झालेली सभा असेल आणि स्मरणिका लिहिणाऱ्याने डोळे मिटून ७८ मिळवले असतील, तर एक वर्ष तिथेच चुकलं. तुमच्या स्मरणिकेत तिथी दिली असेल तर त्या वर्षीचं पंचांग घेऊन बसा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पुस्तकात तिन्ही वर्षं पुराव्यासकट द्या. महोत्सव कुठल्या वर्षी करायचा ते कार्यकारिणी ठरवेल, तो इतिहासकाराचा प्रश्न नाही.

स्मरणिकेबद्दल आणखी थोडं. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतला मजकूर पहिल्या पंचवीस वर्षांचा पुरावा म्हणून वापरू नका. ती त्या वर्षी कार्यकारिणीला स्वतःबद्दल काय सांगायचं होतं याचा पुरावा आहे, आणि त्या दृष्टीने फार मोलाची आहे. कोणाचा फोटो पानभर आहे, कोणाचा नाही, जाहिराती कोणी दिल्या. साखर कारखान्याची पूर्ण पान जाहिरात असेल तर मंडळाचे आश्रयदाते बदलल्याचं तिथेच कळतं. आधी सरकार म्हणजे राजेसाहेब, मग सहकार.

आता ती गायब बारा वर्षं.

प्रोसिडिंग बुक हरवलं तरी संस्थेने बाहेर टाकलेला कागद हरवत नाही. धर्मादाय कार्यालयात दर वर्षीचा ताळेबंद आणि जमाखर्च दाखल करावा लागतो. तुमच्या मंडळाची फाइल तिथे असेल. तिच्यातल्या हिशेबांच्या प्रमाणित नकला मागता येतात. वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच करा. त्याच कार्यालयातलं नोंदणी पुस्तक, ज्याला सगळे 'परिशिष्ट एक' किंवा 'पीटीआर'चा उतारा म्हणतात, त्यात विश्वस्तांची नावं आणि मिळकत असते. विश्वस्त बदलले की कलम २२खाली बदल अर्ज जातो, त्याला बोलीभाषेत चेंज रिपोर्ट म्हणतात. बारा वर्षांतल्या कार्यकारिण्या या अर्जांवरून बऱ्याचशा जुळवता येतात.

मग पावती पुस्तकांची स्थळप्रत. ही कोणी जपून ठेवत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. जुन्या खजिनदाराच्या घरी ट्रंकेत असते. वर्गणीच्या पावत्यांवरून सभासद संख्या कळते, किती जणांनी तीन वर्षांची थकबाकी एकदम भरली तेही कळतं. बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक. छापखान्याची बिलं: अंक निघाला की नाही, किती प्रती, कोणत्या कागदावर. किर्द आणि खतावणी (खातेवार हिशेबाची वही) सुरुवातीच्या काळातली असेल तर आकडे आणि तपशील मोडीत असण्याची शक्यता आहे, घाबरू नका. हिशेबाची मोडी पत्रांच्या मोडीपेक्षा सोपी जाते, कारण शब्द तेच तेच येतात.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पत्रांची दुसरी बाजू. तुमच्या मंडळाने पत्रं लिहिली असतील पुण्याच्या मंडळाला, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला, १९६२नंतर शिवाजी विद्यापीठाला. त्या संस्थांकडे आवक पत्रांच्या फायली असू शकतात. अंकांचा विनिमयही चालायचा. पुण्याच्या मंडळाचं त्रैमासिक, धुळ्याचं 'संशोधक' यांच्या जुन्या अंकांत साभार पोच आणि संस्थावृत्त चाळा. तुमच्या गावातून कोणी टिपण पाठवलं असेल तर ते तिथे छापलेलं सापडेल, मग तुमच्याकडे इतिवृत्त असो की नसो. स्थानिक साप्ताहिकांच्या फायली जिल्हा ग्रंथालयात किंवा संपादकाच्या घरी मिळतात.

हे सगळं करूनही दोन-तीन वर्षं रिकामी राहतील. राहू द्या. तीन वर्षं पावती नाही, सभा नाही, दाखला नाही, म्हणजे मंडळ बंद होतं. तसं लिहा. चिटणीस सरकारी नोकर असेल आणि त्याची बदली झाली असेल, किंवा १९७२च्या दुष्काळात वर्गणी मागायला जायची कोणाला लाज वाटली असेल. लहान संस्था एका माणसाच्या सायकलवर चालतात, तो माणूस आजारी पडला की संस्था आजारी. बंद पडलेलं मंडळ पुन्हा कोणी आणि का उघडलं, हे कळलं तर रौप्यमहोत्सवाच्या भाषणांपेक्षा ते जास्त वाचनीय होईल.

फुटीकडे येते. ही गाळू नका, आणि "मतभेद झाले" अशा मोघम वाक्यात गुंडाळूही नका. गावात सगळ्यांना माहीत आहे, पुस्तकात नसलं तर बाकीच्या नव्वद पानांवरचा विश्वासही उडेल. कार्यकारिणीची भीती घालवायला राजवाड्यांचाच दाखला द्या. ज्यांनी १९१०ला पुण्यात मंडळ काढलं तेच राजवाडे पुढे मंडळाशी मतभेद होऊन बाहेर पडले आणि धुळ्याला गेले. ३१ डिसेंबर १९२६ला तिथेच वारले. त्यांचा संग्रह तिथे होता, भास्कर वामन भटांसारखी माणसं तिथे होती, आणि १९२७मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. भांडण झालं नसतं तर खानदेशाला ती संस्था त्या रूपात मिळाली नसती. पुण्याच्या मंडळालाही त्याने कमीपणा आलेला नाही.

तुमच्या फुटीत लिहिण्याजोगं काय, ते ठरवायला मी एक चाळणी वापरते. भांडण संस्थेच्या कामाबद्दल होतं का? म्हणजे संग्रह कोणाच्या ताब्यात असावा, इमारतीची जागा कोणाच्या नावावर, मूळ कागद बाहेर अभ्यासाला द्यावेत का, अंक काढावा की वस्तुसंग्रहालय करावं, सभासदत्व कोणाला. हे सगळं लिहायचं, दोन्ही बाजूंच्या शब्दांत. कोण कोणाला चारचौघांत काय बोललं, कोणाच्या मुलीचं लग्न कोणी मोडलं, ते सोडून द्यायचं. दोन्ही बाजूंचे शब्द मिळवायला पुन्हा तेच धर्मादाय कार्यालय: फुटीच्या वेळी बदल अर्जावर हरकत घेतली गेली असेल, तर हरकतदाराचं म्हणणं, उलट म्हणणं आणि निकाल असे तीनही कागद फाइलमध्ये असतात. निकालाचा आधार घेऊन लिहिलेल्या वाक्यावर कोणी सहजासहजी आक्षेप घेऊ शकत नाही. हयात असलेल्यांवर आरोप करणारं वाक्य मात्र निव्वळ ऐकीव माहितीवर लिहू नका, कितीही खात्रीच्या माणसाने सांगितलेलं असलं तरी.

फुटीत कागद वाटले गेले का, हेही बघा. दाखल नोंदवहीतल्या 'शेरा' रकान्यात "परत दिले", "अमुक यांजकडे", "आढळत नाही" असे बारीक अक्षरातले शेरे असतात. मंडळाचा सगळ्यात प्रामाणिक इतिहास कधीकधी त्या एका रकान्यात असतो.

मुलाखतींचं. अध्यक्षांकडे शेवटी जा. आधी जा त्यांच्याकडे, ज्यांनी हाताने काम केलं: मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करून देणारे, फोटो काढणारे, कपाटांना किल्ल्या लावणारा शिपाई, पहिल्या चिटणिसांच्या घरची माणसं. ग. ह. खऱ्यांनी पुण्याच्या मंडळात राहून फार्सी शिकून घेतली आणि 'ऐतिहासिक फार्सी साहित्या'चे खंड काढले, त्यांचं नाव तरी झालं. गावोगावी रात्री दिव्याखाली मोडी उतरवणाऱ्या शिक्षकांची नावं छापील अंकात "संग्राहक" किंवा "प्रेषक" एवढ्यावर भागवलेली असतात. ती नावं वर काढा. प्रश्न विचारताना मत विचारू नका, वस्तू विचारा. "मंडळाचं योगदान काय वाटतं?" याला भाषण मिळतं. "रुमाल तेव्हा कुठे ठेवायचे? पावसाळ्यात काय करायचात? ते आणायला कोण गेलं होतं, एसटीने की बैलगाडीने?" याला आठवणी मिळतात. अशा प्रश्नांतून एका ठिकाणी मला हे कळलं, की तिथल्या मंडळाचा निम्मा संग्रह वर्षानुवर्षं चिटणिसांच्या माजघरात होता आणि वाळवीपासून तो त्यांच्या पत्नीने वाचवला होता. इतिवृत्तात त्या बाईंचं नाव नाही, कारण त्या सभासदच नव्हत्या.

यावरून पुढचा मुद्दा, जरा नाजूक आहे. पहिल्या वीस वर्षांच्या सभासद यादीत वकील, मास्तर, इनामदार, डॉक्टर यांपलीकडे कोण आहे ते बघा. पहिली स्त्री सभासद कोणत्या वर्षी? एकूण आडनावं कोणत्या आळीतली? संग्रहात कोणाचे कागद आहेत? बहुतेक वतनदारांचे निघतील, कारण कागद त्यांच्याकडेच होते. पण काझींच्या घरचे फार्सी-उर्दू कागद मागायला कोणी गेलं होतं का, व्यापाऱ्यांच्या वह्या घेतल्या का, की "हे काय ऐतिहासिक" म्हणून परत पाठवल्या? महारकीच्या, म्हणजे महार वतनाच्या तंट्यांचे महजर देशपांडे दप्तरांत हमखास असतात, ते मंडळाने कधी वाचून छापले का? हे आरोपाच्या सुरात लिहायची गरज नाही. मंडळाने तालुक्याचा इतिहास म्हणून जे सांगितलं ते कोणाच्या कागदांवर उभं होतं, एवढं वाचकाला कळलं पाहिजे. आज मंडळात नवे सभासद येत नाहीत म्हणून कार्यकारिणी कुरकुरत असेल, तर त्याचं थोडं उत्तरही इथे सापडेल.

लिहायला बसण्याआधी कार्यकारिणीशी एक पानाचा कागद करून घ्या. तथ्यांतल्या चुका त्यांनी पुराव्यासकट दाखवाव्यात, तुम्ही दुरुस्त कराल. मजकूर काय ठेवायचा आणि निष्कर्ष काय काढायचा ते तुमचं. हे त्यांना मान्य नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मग सरळ स्मरणिका संपादित करून द्या, फोटो, संदेश, मनोगतं सगळं घाला, आणि तिला इतिहास म्हणू नका. दोन्ही कामं चांगली आहेत, पण एकाच पुस्तकात कोंबली की दोन्ही बिघडतात. हा कागद आधी केला नाही तर छपाईच्या आदल्या आठवड्यात "फक्त एवढा एक परिच्छेद" वगळायचा फोन येतोच येतो.

काम करताना कागदांची काळजी, अगदी थोडक्यात: पृष्ठांक शिसपेन्सिलीने, गंजलेल्या टाचण्या हळूच काढून टाका, सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नाही. प्रत्येक पानाचा फोटो काढताना वहीचं नाव आणि पान क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी फोटोतच ठेवा. नाहीतर तीन महिन्यांनी शेकडो फोटोंतून हे पान कुठल्या वहीचं ते शोधत बसाल.

शेवटी तुम्ही विचारलं होतं, शंभर पानं पुरतील का. पुरतील, जर अध्यक्ष-चिटणिसांच्या याद्या, व्याख्यानांची यादी आणि प्रकाशनं परिशिष्टात टाकलीत तर. मजकुरात राजवाडे आणि मंडळी दोन पानं, विलीनीकरण आणि स्थापना पंधरा-वीस, संग्रह कसा जमला त्याला सगळ्यात मोठी जागा, चाळीसएक पानं. फूट दहा पानांत बसते. बंद पडलेल्या वर्षांना चार-पाच द्या. धर्मादाय कार्यालयाच्या नकला यायला उशीर होईल असं धरून संग्रहाचं प्रकरण आधी लिहायला घ्या, त्याला लागणारं सगळं तुमच्या कपाटातच आहे.